शिपायाच्या डगल्याची कुळकथा

घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे शालूची चौकशी किती बारकाईनें होते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. तो येवल्याचा कीं पैठणचा, रेशीम कोठलें, जर खरी कीं खोटी, काठ हातमागावरचा कीं यंत्रावरचा, या प्रश्नांचा निकाल लागल्यावांचून घरांतील वडील बायकांच्या जिवास स्वस्थता वाटत नाहीं. परंतु जें वस्त्र अंगावर घालून मनुष्य मरणाच्या दारांत उभा राहतो, त्याची अशी चौकशी आपण कधीं केली आहे काय? शिपायाच्या डगल्याचें कापड कोणीं विणलें, कोणीं रंगविलें, तो कोणीं बेतला, त्याचे पैसे कोणीं मोजले, आणि ज्या हवेंत तो घालून दिवसरात्र उभें राहावयाचें त्या हवेचा विचार कोणीं केला कीं नाहीं, हे प्रश्न शालूच्या प्रश्नांहून हलके नाहींत. ते कोणी विचारीत नाहीं, म्हणूनच त्यांचीं उत्तरें शिपायास आपल्या देहानें द्यावीं लागलीं आहेत. हेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

आम्ही हें लिहितों तें मांडवगण फराटा या भीमाकांठच्या गांवीं बसून. आमचा तालुका शिरूर. पलीकडे दौंड तालुका लागतो. शिरूरास दोनशें वर्षांपूर्वीं कंपनी सरकारची छावणी होती. दौंडच्या जंक्शनावरून नगरच्या छावणींतील फौजा आगगाडीनें मुंबईच्या बंदराकडे जात. तेव्हां डगल्याची ही कुळकथा शोधण्यास आम्हांस फार दूर जाण्याचें कारण पडत नाहीं. समुद्रापलीकडचें कापड आमच्या घोडनदीच्या कांठीं येऊन पोहोंचलें होतें, आणि पुढें आमच्या मुलुखांतलीं माणसें समुद्रापलीकडे गेलीं.

लाल बनात

इ. स. १८०२ च्या ३१ डिसेंबर रोजीं वसईचा तह झाला. त्या तहानें दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि तिच्या खर्चासाठीं सव्वीस लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. या फौजेची मोठी छावणी शिरूर येथें पडली. कंपनीच्या पायदळाचा ठरीव पोशाख म्हणजे लाल बनातीचा आंखूड डगला व त्यावर छातीशीं एकमेकांस छेदणारे पांढरे पट्टे.

ही बनात इंग्लंडची. तिला आपल्या जुन्या दप्तरांतून ‘सकलाद’ असेंही नांव आढळतें. हा शब्द फारसी ‘सकिर्लात’ याचा अपभ्रंश असून इंग्रजींतला ‘स्कार्लेट’ हा त्याच कुळांतला मानतात. म्हणजे कापडाबरोबर त्याचें नांवही देशोदेशीं हिंडलें. सकलाद आपल्याकडे नवी नव्हती. दरबारी पोशाखास, पालखीच्या आच्छादनास, घोड्यांच्या झुलींस ती वापरीत. परंतु हजारों शिपायांच्या अंगावर एकाच रंगाची, एकाच बेताची बनात चढावी, हा प्रकार युरोपीय कवाइतीबरोबर आला. पानिपतावर इ. स. १७६१ त इब्राहिमखानाचे गारदी लढले, त्या ‘गारदी’ शब्दांतच फ्रेंच ‘गार्द’ दडलेला आहे. पुढें महादजी शिंद्यांनीं सॅव्हॉय प्रांतांतून आलेल्या डी बॉयनकडून कवाइती पलटणी तयार करविल्या. शिस्त ही डोळ्यांस दिसावयास हवी, आणि ती कापडानें दिसते, ही गोष्ट मराठी मुत्सद्द्यांच्या ध्यानांत आलेली होती.

आतां या लाल रंगाचा हिशेब पाहूं. इंग्लंडांत ग्लॉस्टरशर परगण्यांत स्ट्राउड नांवाचें गांव आहे. तेथील ओढ्यांचें पाणी लाल रंगास मानवतें अशी ख्याति होती, व तेथील बनात सैन्यासाठीं प्रसिद्ध होती. साध्या शिपायाच्या डगल्याचा लाल रंग एका वेलीच्या मुळांतून काढीत. ही वेल आपल्या मंजिष्ठेची युरोपांतली बहीण. तिची लागवड हॉलंडांत मोठ्या प्रमाणावर होत असे. हा रंग स्वस्त, पण किंचित् विटकरीकडे झुकणारा. अधिकाऱ्यांच्या डगल्यास मात्र भडक लाल लागे, आणि तो मेक्सिको देशांतील निवडुंगावर पोसल्या जाणाऱ्या किड्यांपासून निघे. आपला ‘किरमिजी’ हा शब्द अशाच दुसऱ्या एका रंगदायी किड्यावरून आला असून त्याचें मूळ संस्कृत ‘कृमिज’ यांत दाखवितात. तात्पर्य, दुरून दोघेही लाल दिसले तरी शिपाई व सुभेदार यांच्या वरचा गोरा अधिकारी यांच्या लालींत अंतर होतें, आणि तें अंतर बाजारभावाचें होतें. शिरूरच्या छावणींतील डगल्याचा हिशेब मांडला तर तो असा होतो: लोकर इंग्लंडची, रंग हॉलंडचा वा मेक्सिकोचा, पैसा पेशव्यांच्या मुलुखाचा, आणि अंग आमच्या हिंदी शिपायाचें.

लाल रंगच कां, असें कोणी विचारील. त्या काळच्या बंदुकीच्या दारूचा धूर इतका दाट होई कीं आपला कोण व परका कोण हें ओळखण्यास ठळक रंग हवा असे. शिवाय मंजिष्ठेचा रंग स्वस्त पडे व टिके. ही कारणें खोटीं नाहींत. परंतु तीं युरोपांतल्या थंड मैदानांवर ठरलेलीं होतीं. वैशाखांत दख्खनच्या माळावर लोकरीचा बंद गळ्याचा डगला घालून कवाईत करणें म्हणजे काय, हें ठरविणाऱ्यांनीं अनुभविलें नव्हतें.

डगला ठरविणाऱ्यांस शिपायाचें मनही ठाऊक नसे. याचें ठळक उदाहरण मद्रास इलाख्यांतील वेल्लोर येथें घडलें. तेथें इ. स. १८०५ च्या नोव्हेंबरांत नवें पागोटें ठरविण्यांत आलें. तें गोऱ्यांच्या टोपीसारखें दिसे व त्यावर कातड्याचा तुरा होता. त्याबरोबर कपाळावरचें गंध पुसावें व दाढीमिशा ठरीव तऱ्हेनें ठेवाव्या, असेही हुकूम निघाले. हिंदु व मुसलमान दोघेही दुखावले. १० जुलै १८०६ रोजीं वेल्लोरच्या किल्ल्यांत शिपायांनीं बंड केलें आणि दोन्ही बाजूंचीं शेंकडों माणसें मेलीं. बंडास टिपूच्या घराण्याचीं व इतरही कारणें होतीं. परंतु ठिणगी पडली ती पागोट्यावरून. पुढें तो हुकूम मागें घ्यावा लागला. कागदावर काढलेलें चित्र व मनुष्याचें मस्तक यांत किती अंतर असतें, हें कंपनी सरकारास अशा रीतीनें शिकावें लागलें.

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. शिपायाच्या पगारांतून कपड्यापोटीं रक्कम कापून घेण्याची वहिवाट होती. त्या कापलेल्या रकमेंतून कपडे पुरविल्यावर जी बचत राही, तिचा वांटा पलटणींच्या कर्नलांस मिळे. अशी व्यवस्था असली म्हणजे कापड जाड असावें कीं पातळ, शिवण दुहेरी असावी कीं एकेरी, यांत कोणाचें हित कोणीकडे ओढतें, हें सुज्ञ वाचकांनींच ताडावें. इ. स. १८१७ च्या शेवटच्या रात्रीं शिरूरहून निघून जी पलटण दुसऱ्या दिवशीं आमच्याच तालुक्यांतील कोरेगांवीं दिवसभर अन्नपाण्यावांचून लढली, तिचे शिपाई याच व्यवस्थेंतले. लढाईच्या वर्णनांत तोफा मोजल्या जातात, माणसें मोजलीं जातात. अंगावरचें वस्त्र मात्र कोणी मोजीत नाहीं.

धुळीचा रंग

यानंतर जो रंग आला त्यानें साऱ्या जगाच्या सैन्यांस व्यापलें, आणि तो जन्मला आपल्या वायव्य सरहद्दीवर. फारसींत ‘खाक’ म्हणजे माती, धूळ; तिच्या रंगाचें तें खाकी. आपल्या संस्कृतांत यास ‘धूसर’ हा नेमका शब्द आहे. इ. स. १८४६ च्या डिसेंबरांत हॅरी लम्सडेन नांवाच्या अधिकाऱ्यानें पेशावराकडे ‘गाइड्स’ नांवाची पलटण उभारली. पहिल्या वर्षीं तिच्या लोकांचा पोशाख घरचाच होता: जाड्याभरड्या सुताचा सैल अंगरखा, पायजमा व पागोटें. पुढें इ. स. १८४८ त लम्सडेन व त्याचा सहायक हॉडसन यांनीं ठरविलें कीं, डोंगरांत शिपाई दिसूं नये असा धुळकट रंग सर्वांस द्यावा.

येथवर कथा सर्वांस ठाऊक असते. पुढची गोष्ट मात्र थोड्यांस ठाऊक आहे. तें धुळकट कापड आलें कोठून? हॉडसननें तें इंग्लंडांतल्या आपल्या भावाकडून मागविलें! म्हणजे पेशावरच्या धुळीशीं एकरूप होण्याचें कापड सात समुद्र ओलांडून पेशावरास आलें. पुढें तें कापड मिळेनासें झालें, तेव्हां ‘मझरी’ नांवाच्या, ताडाच्या जातीच्या खुरट्या झाडापासून काढलेल्या रंगांत तेथलेंच कापड बुडवून काम भागविण्यांत आलें. गरज पडली तेव्हां उपाय पायाशींच सांपडला, ही यांतील मौज होय.

इ. स. १८५७ च्या उन्हाळ्यांत गोऱ्या पलटणींनींही आपले पांढरे सुती कपडे मिळेल त्या वस्तूनें मळकट केले. कोणी चहा वापरला, कोणी कॉफी, कोणी चिखल, कोणी दौतींतली शाई. एका पलटणींत एका रंगाचे दोन डगले सांपडेनात. खाकीची खरी अडचण हीच होती, कीं तो धुण्यांत टिकत नसे. ती अडचण लँकेशरमधील फ्रेडरिक आल्बर्ट गॅटी यानें सोडविली. धातूंच्या क्षारांपासून पक्का खाकी करण्याची युक्ति त्यानें काढली व इ. स. १८८४ त तिचें पेटंट घेतलें. तेव्हांपासून पक्क्या खाकीच्या जाड सुती कापडाचे गठ्ठे विलायतेहून येऊं लागले. बोअर युद्धांत खाकीचा उपयोग पटल्यावर इ. स. १९०२ त इंग्लंडनें आपल्या घरच्या फौजेसही खाकीचा कामाचा पोशाख दिला. कल्पना सरहद्दीची, शब्द फारसी, पेटंट लँकेशरचें, आणि कापड विकत घेणारे पुनः आपण, असें हें चक्र आहे.

बेतांतही अशीच देवघेव झाली. डोंगरी लोक पायांस कापडाची पट्टी गुंडाळीत. कांटा लागत नाहीं, सर्प सहसा डसत नाहीं, चढतांना पोटरीस आधार मिळतो. ही पट्टी इंग्रजांनीं उचलली व नांवासकट उचलली. इंग्रजींतला ‘पटी’ शब्द तो हाच. मग सॉमरसेट परगण्यांतील वेलिंग्टन गांवचे फॉक्स ब्रदर्स हे गिरणीवाले लोकरीच्या पट्ट्या विणूं लागले. मुंबईच्या डोंगरी भागावरून नांव पडलेलें जाडेंभरडें कापड इंग्रजींत ‘डंगरी’ होऊन आगबोटींवरील खलाशांच्या व कारखान्यांतील मजुरांच्या अंगावर चढलें, तेंही असेंच. तेव्हां परदेशी तें सारें परकें व देशी तें सारें आपलें, अशी सरळ रेघ वस्त्रांच्या बाबतींत ओढतां येत नाहीं.

सुती कापड आणि फ्रान्सची थंडी

इ. स. १९१४ चें महायुद्ध सुरू झालें तेव्हां हिंदी शिपायाचा लढाईचा पोशाख म्हणजे खाकी सुती कापडाचा लांब कुर्त्यासारखा डगला, तसलाच पायजमा, पट्ट्या व खाकी पागोटें. सरहद्दीवरच्या उन्हासाठीं तो उत्तम होता. याच पोशाखांत लाहोर व मीरत येथल्या डिव्हिजनांचे लोक २६ सप्टेंबर १९१४ पासून फ्रान्सांतील मार्सेल्स बंदरांत उतरले. त्यांत आमच्या पुणें जिल्ह्यांतील खडकीच्या ‘बॉम्बे सॅपर्स’ पैकीं विसावी व एकविसावी अशा दोन कंपन्या होत्या. हे लोक रस्ते, पूल व सुरुंग यांचें काम करणारे. परंतु २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यूव्ह शापेल या गांवावर त्यांस संगिनी घेऊन हल्ला करावा लागला, आणि त्यांची फार मोठी हानि झाली.

त्या सुमारास फ्रान्सांत थंडीस सुरुवात झालेली असते. लोकरीचे कपडे मिळाले, पण ते हळूहळू व उशिरानें. खंदकांत पाणी सांचलेलें, पायांत भिजलेले बूट, पोटरीस पट्टी. जी पट्टी डोंगरांत आधार देते तीच भिजली म्हणजे आंवळते व पायांतील रक्ताची वाट अडविते. ओल्या खंदकांत सुजून व सडून निकामी होणाऱ्या पायांच्या रोगास या आवळण्यानें हातभार लावला. वस्तु तीच, गुण तेच. केवळ स्थान बदललें आणि गुणाचा दोष झाला. वैद्यकांत देश, काल व प्रकृति पाहिल्यावांचून औषध देऊं नये म्हणतात. वस्त्रासही तोच नियम लागू आहे.

याहून वाईट कथा मेसोपोटेमियाची, म्हणजे आजच्या इराकाची. तेथें गेली ती पुण्याची सहावी डिव्हिजन. तिच्यांत १०३, ११० व ११७ या आंकड्यांच्या मराठा पलटणी होत्या. त्यांची भरती पुणें, सातारा, नगर व कोंकण या भागांतून होई. नोव्हेंबर १९१४ त हे लोक शत्‌अल्‌अरबच्या मुखाशीं उतरूं लागले. उन्हाळ्यांत तेथें पारा १२० अंश फॅरनहाइटच्या वर जातो. हिवाळ्यांत पाऊस, गारठा व घोट्यापर्यंत चिखल. हिंदुस्थान सरकारनें युद्धापूर्वीं लष्करी खर्चांत काटकसर केली होती. मोहीम वाढत गेली, पण औषधें, तंबू, वाहनें व कपडे यांचा पुरवठा तिच्याबरोबर वाढला नाहीं. ७ डिसेंबर १९१५ पासून कूत येथें ही फौज वेढली गेली. तिला सोडविण्यास निघालेल्या फौजेनें जानेवारी १९१६ त हन्ना येथें हल्ला चढविला तो पावसांत. जखमी माणसें रात्रभर चिखलांत भिजत पडलीं व कित्येक गारठूनच गेलीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं कूतची फौज शरण गेली. त्यानंतर कैद्यांस वाळवंटांतून चालविण्यांत आलें, तेव्हां भाकरीच्या तुकड्यासाठीं अंगावरचे कपडे व पायांतले बूट विकण्याची पाळी त्यांच्यावर आली.

या मोहिमेची चौकशी करण्यास एक कमिशन बसलें व त्याचा अहवाल इ. स. १९१७ त प्रसिद्ध झाला. त्यांत हिंदुस्थान सरकारच्या अव्यवस्थेवर इतके कडक ताशेरे होते कीं विलायतेंत भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांस राजीनामा द्यावा लागला. एका मंत्र्याची खुर्ची गेली. परंतु गारठून गेलेले लोक परत आले नाहींत. काटकसर हा सद्गुण खरा. प्रत्येक गृहिणीस तो ठाऊक आहे. परंतु पोराच्या अंगावरची पांघरूण काढून वांचविलेला पैसा काटकसरींत जमा होत नाहीं, हेंही तीच गृहिणी जाणते.

त्या युद्धांत घरोघरच्या स्त्रियांचे हातही कामास लागले होते. मुंबई इलाख्याच्या युद्धनिधीची स्त्रियांची एक शाखा होती. तिच्या द्वारें शिपायांसाठीं कपडे शिवून व विणून पाठविण्यांत येत. गळपट्टे, मोजे, कानटोप्या असें तें काम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘सूत्राध्यक्ष’ नांवाचा अधिकारी सांगितला आहे. सूत, वस्त्र, दोर यांबरोबर सैन्याचीं वर्में तयार करविणें हें त्याचें काम, आणि सूत काढण्यास विधवा, अपंग व निराधार स्त्रियांस लावावें असें तेथें सांगितलें आहे. शिपायाचें वस्त्र राज्याच्या देखरेखीखालीं, राज्यांतल्याच हातांनीं व्हावें, हा विचार इतका जुना आहे.

दुसरें महायुद्ध: घेणारे व देणारे

पहिल्या युद्धाच्या अनुभवानें देशांत कांहीं तयारी झाली होती. कानपुरास लोकरीची गिरणी इ. स. १८७६ पासून होती. शहाजहानपुरास लष्करी कपड्यांचा सरकारी कारखाना इ. स. १९१४ त निघाला. दुसऱ्या महायुद्धांत या साऱ्यांवर एवढा भार पडला कीं पूर्वीं कधीं पडला नव्हता. ऑक्टोबर १९४० त दिल्लीस साम्राज्यांतल्या पूर्वेकडील देशांची परिषद भरली व पुढें पुरवठ्याचें मंडळ नेमलें गेलें. त्यामुळें हिंदुस्थानांत शिवलेले कपडे मध्यपूर्वेकडे जहाजांतून जाऊं लागले. एका शतकापूर्वीं ज्या देशास डगले समुद्रापलीकडून येत, तोच आतां समुद्रापलीकडे डगले पाठवूं लागला. त्याचा दुसरा परिणाम घरोघर झाला. गिरण्यांचें कापड सैन्याकडे वळलें, बाजारांत धोतर-लुगड्यांचे भाव भडकले, आणि जून १९४३ त सरकारास कापड व सूत यांवर नियंत्रण घालावें लागलें. एका लुगड्यासाठीं कापडाच्या दुकानासमोर रांगेंत उभें राहिल्याच्या आठवणी त्या पिढीच्या बायका पुढें नातवंडांस सांगत असत. शिपायाचा डगला व घरचें लुगडें हीं एकाच मागावरून उतरतात, हें त्या वेळीं सर्वांस कळलें.

त्या युद्धांत इंग्रजी फौजेचा पोशाख पार बदलला होता. लांब डगला जाऊन कमरेशीं संपणारी, खाकी लोकरी सर्जाची सैल बंडी व उंच कमरेची विजार आली. बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणारांच्या पोशाखाशीं तिचें साम्य होतें. तिला ‘बॅटल ड्रेस’ म्हणत. इंग्लंडच्या गिरण्या अपुऱ्या पडल्या तेव्हां मार्च १९४१ च्या उसनवारीच्या कायद्याखालीं अमेरिकेंत ही बंडी शिवून घेतली गेली. तिचा रंग किंचित् हिरवट असे व आंत ‘वॉर एड’ असा शिक्का असे. भूमध्य समुद्राच्या आघाडीवर ती पुष्कळ वापरली गेली. अमेरिकेनें पुढें आपल्या फौजेसाठीं तसलीच आंखूड बंडी काढली. पट्टीची जी गत झाली तीच या बंडीची: युद्धांत वस्त्रांस जात राहत नाहीं.

इटलींतल्या डोंगरांत आमच्या मराठा पलटणी लढल्या. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे पडले, आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील शिपाई नामदेव जाधव यांनीं आपल्या जखमी सोबत्यांस वांचवून शत्रूचीं ठाणीं उडविलीं. दोघांसही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

त्याच सुमारास दुसऱ्या मराठा पलटणीचे लोक ब्रह्मदेशाच्या वेशीवर होते. चौथी पलटण मार्च १९४४ त मणिपुरांतील सांगशाकच्या लढाईंत होती. ब्रह्मदेशांतून इ. स. १९४२ त माघार घेतांना एक गोष्ट फौजेच्या ध्यानांत आली होती. धुळीच्या मुलुखांत लपविणारी खाकी हिरव्या अरण्यांत उठून दिसते. मग खाकी कपडे हिरव्या रंगांत बुडविण्यांत आले, व पुढें हिरवेंच कापड देशांत विणूं लागले. पेशावरांत १८४८ सालीं जें घडलें तेंच पुनः घडलें. शिपाई ज्या भूमीवर उभा आहे तिचा रंग त्यानें घ्यावा, ही अक्कल प्रत्येक युद्धांत नव्यानें, आणि प्रत्येक वेळीं कांहीं माणसें गमावल्यानंतर सुचते.

स्वराज्यांतला डगला

येथवर दोष परक्या सरकारचा म्हणून हात झटकतां येईल. परंतु इ. स. १९४७ नंतरचें काय? ऑक्टोबर १९६२ त नेफाच्या सरहद्दीवर चिन्यांशीं गांठ पडली, तेव्हां चौदा-पंधरा हजार फुटांच्या मुलुखांत आपल्या कित्येक शिपायांच्या अंगावर सुती कपडे व पायांत कॅनव्हासचे बूट होते. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीं फ्रान्सांत जें झालें तेंच हिमालयांत झालें. आणि या वेळीं हुकूम देणारें सरकार आपलेंच होतें. सियाचेनच्या हिमनदीवर १३ एप्रिल १९८४ रोजीं आपली फौज चढली, तेव्हां युरोपांतून मागविलेले थंडीचे विशेष कपडे आदल्या दिवशीं, १२ एप्रिल रोजीं, येऊन पोहोंचले होते. एका दिवसाचें अंतर! ते आणखी दोन दिवस उशिरां आले असते तर काय झालें असतें, याचा विचार मनास चटका लावतो. पुढेंही ही काळजी संपली नाहीं. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा जो अहवाल फेब्रुवारी २०२० त संसदेपुढें आला, त्यांत उंच प्रदेशांतील जवानांच्या बर्फाच्या चष्म्यांची व बुटांची उणीव आणि खरेदींतील दिरंगाई यांचा स्पष्ट उल्लेख होता.

चांगलीही गोष्ट सांगितली पाहिजे. १५ जानेवारी २०२२ च्या सेना दिनीं आपल्या लष्करानें नवा लढाईचा पोशाख दाखविला. तो राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या, म्हणजे ‘निफ्ट’च्या साहाय्यानें देशांतच बेतलेला आहे, कापडांत सत्तर भाग सूत व तीस भाग पॉलिएस्टर, आणि रंगांचे लहान लहान चौकोन असे जुळविले आहेत कीं वाळवंट, जंगल व डोंगर या तिन्हींत शरीराची आकृति मोडावी. बेतणारानें शिपायाच्या मुक्कामाचा विचार केला आहे, ही या पोशाखाची आम्हांस आवडणारी बाजू.

कापड स्वदेशी असावें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु तेवढ्यानें भागत नाहीं. स्वदेशी सुती डगला घालून बर्फांत उभा राहिलेला शिपाई परदेशी सुती डगल्याइतकाच गारठतो. डगला कोठून आला याहून, तो कोठें घालावयाचा आहे हें बेतणारास ठाऊक होतें काय, आणि तो वेळेवर पोहोंचला काय, हे दोन प्रश्न मोठे आहेत. वर्तमानपत्रांत लष्करी अंदाजपत्रकाच्या बातम्या येतात तेव्हां आपल्या घरांतील तरुण मंडळी विमानांच्या व तोफांच्या किंमती वाचतात. मोजे, बूट व कानटोप्या यांच्याही ओळी त्यांनीं शोधाव्या. त्या न सांपडल्यास कां नाहींत, असें आपल्या प्रतिनिधीस विचारावें.

आणि आमच्या वाचकभगिनींस एक विनंति आहे. कोणाच्या माहेरीं वा सासरीं, माळ्यावरच्या पेटींत, एखादी जुनी फौजी बंडी वा डगला असेल तर तो बोहारणीस देऊं नये. आंतल्या बाजूस शिक्का किंवा चिठ्ठी असते. तिच्यावर बनविणाराचें नांव, माप व कधीं कधीं सालही असतें, आणि इंग्रजी अमदानींतल्या कपड्यावर बहुधा बाणाची खूण असते. तो शिक्का वाचून कागदावर उतरून घ्यावा. डगला कोणाचा, तो घालून ते कोठें गेले होते, आणि परत आले कीं नाहीं, एवढें त्याखालीं लिहावें. मग कडुनिंबाचीं वाळलेलीं पानें घालून, सुती फडक्यांत गुंडाळून, तो डगला शालूशेजारीं ठेवावा.